वास्तुपुरुषाच्या पाठीवर

धरणगावात इंग्रजांनी पहिलं घर थाटलं ते १६७४ साली. घर म्हणजे वखार. खानदेशातलं कापड इथे चांगलं मिळे आणि तापीच्या खोऱ्यातून ते सुरतेला नेता येई. पण वखारीला वर्ष होतंय न होतंय तोच, १६७५ मध्ये, शिवाजी महाराजांच्या फौजेनं धरणगाव लुटलं आणि वखारही त्यात गेली. कंपनीनं भरपाई मागायला महाराजांकडे वकील धाडला. आम्ही साधे व्यापारी, तुमचं मोगलांशी भांडण आहे, त्यात आमच्या घराचा काय संबंध, असा एकंदर सूर. १६७९ मध्ये धरणगाव पुन्हा लुटलं गेलं आणि १६८५ मध्ये, संभाजी महाराजांच्या काळात, तिसऱ्यांदा.

इंग्रजांची तक्रार हिशेबाची होती, पण तिच्या आत एक धर्मशास्त्राचा प्रश्न दडलेला आहे. ज्या जमिनीवर आणि ज्याच्या छत्राखाली घर उभं आहे, त्याच्या कर्माचा वाटा घराकडे येतो का? विटा, चुना आणि सागवान यांना पापपुण्य चिकटतं का? आणि चिकटत असेल, तर दीडदोनशे वर्षांनी त्या घरात जन्मलेल्या माणसानं त्याचं काय करायचं?

वसाहतकाळातल्या जुन्या घरांविषयी हल्ली बरंच लिहिलं जातं. झुंबरं, रंगीत काचा, इटलीहून आणलेल्या फरश्या यांची वर्णनं असतात, फोटो असतात. हा प्रश्न मात्र त्यात सहसा नसतो.

धरणगावात तो टाळता येत नाही. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला आणि पाठोपाठ भिल्लांचे उठाव सुरू झाले. नुसत्या फौजेनं ते मिटेनात. तेव्हा १८२५ मध्ये धोरण बदललं आणि भिल्लांचीच एक पलटण उभारायचं ठरलं. हे काम जेम्स आउट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे आलं. त्यानं धरणगावला ठाणं केलं आणि पुढची दहा वर्षं तो खानदेशात राहिला. वाघाच्या शिकारीचा त्याला विलक्षण नाद होता. भिल्लांचा विश्वास त्यानं मुख्यतः रानात, त्यांच्या बरोबरीनं वाघामागे फिरून मिळवला. पहिल्यांदा मोजकेच लोक आले, मग शेकडो. भिल्ल गडी गणवेश घालून, पगार घेऊन भिल्लांचाच बंदोबस्त करू लागले.

अशा साहेबाचा त्या काळचा बंगला आणि गावातला वाडा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. बंगला उंच जोत्यावर, चारी बाजूंनी व्हरांडा, जाड भिंती, वर उतरतं छप्पर. उन्हाळ्यात दारांना वाळ्याचे पडदे. भोवती मोकळं आवार आणि स्वयंपाकघर, नोकरांच्या खोल्या मागे, हाकेच्या अंतरावर पण नजरेआड. असं घर बाहेर पाहतं. व्हरांड्यात बसलेल्या माणसाला फाटकातून येणारा प्रत्येक जण दिसतो आणि येणाऱ्यालाही आपण दिसतोय हे कळतं. वाडा उलट आत पाहतो. रस्त्याकडे जवळजवळ आंधळी भिंत, दिंडी दरवाजा, देवडी, मग चौक. चौकाभोवती ओसरी, आत माजघर, त्याच्याही आत देवघर आणि धान्याचं बळद. वर खानदेशी धाबं, म्हणजे सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. खानदेशाच्या मे महिन्यात हे धाबं काय सुख देतं, ते पत्र्याखाली राहणाऱ्यानं विचारू नये.

पुढे ही दोन घरं एकमेकांत मिसळली. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला न भूतो असा भाव आला, खानदेशच्या पेठांत पैसा खेळला, नंतर रेल्वे आली, जिनिंग कारखाने आले. सावकार, देशमुख, व्यापारी यांनी जुन्या वाड्यांना साहेबी सज्जे लावले, कमानी काढल्या, बिडाचे कठडे बसवले. दर्शनी भाग बंगल्याचा आणि पोट वाड्याचं, असं ते मिश्रण.

पण एक फरक कायम राहिला. साहेबाच्या बंगल्याखाली कुणी पुरलेलं नव्हतं. वाड्याखाली होतं.

वास्तुशांत झालेल्या प्रत्येक मराठी घरात आग्नेय कोपऱ्यात एक छोटी प्रतिमा पुरलेली असते, तीही पालथी. तिची कथा मत्स्यपुराणात येते. अंधकासुराशी लढताना शंकराच्या कपाळावरून घाम गळला आणि त्यातून एक अक्राळविक्राळ भूत जन्मलं. त्याची भूक भागेना, ते त्रैलोक्य गिळायला निघालं. तेव्हा देवांनी एकजुटीनं त्याला जमिनीवर पालथं पाडलं आणि ज्यानं जो अवयव दाबला तो तिथेच बसून राहिला. वास्तुमंडलात असे पंचेचाळीस देव बसवलेले असतात, मध्ये ब्रह्मदेव. दबलेल्या त्या जिवानं विचारलं, मी असा किती काळ राहू आणि खाऊ काय? ब्रह्मदेवानं सांगितलं, यापुढे जो घर बांधील तो आधी तुझा बली देईल. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही देवांनी पालथं पाडलेल्या अशाच एका भुताची हकिकत आहे.

ही कथा सांगताना भटजी सहसा घाईत असतात आणि यजमानांचं लक्ष जेवणावळीकडे असतं. ती सावकाश ऐकली तर माणूस दचकेल. आपल्या परंपरेत घराचा पाया म्हणजे दाबून ठेवलेला एक जीव. घर बांधण्याआधी धर्म मालकाकडून कबूल करून घेतो की तू कुणाच्या तरी पाठीवर उभा आहेस आणि त्याचं काही देणं लागतोस. घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असं आजी सांगते ते यामुळेच. खाली कुणीतरी ऐकणारं आहे.

आता सातपुड्याकडे वळू. खानदेशातल्या वाड्यांच्या तुळया आणि खांब ज्या सागाचे, तो साग सातपुड्याचा आणि डांगचा. डांगवर १८३० मध्ये स्वारी झाली ती आउट्रमच्याच नेतृत्वाखाली. १८४२ मध्ये तिथल्या भिल्ल राजांकडून इंग्रजांनी जंगल पट्ट्यानं घेतलं, कारण मुंबईच्या गोदीला सागवान हवं होतं. १८७८ चा जंगल कायदा आला आणि ज्या रानात भिल्लांच्या पिढ्या गेल्या तिथे लाकूड तोडणं हा गुन्हा झाला. माजघरातल्या गुळगुळीत, तेलपाणी केलेल्या खांबावरून हात फिरवणाऱ्याला हा सगळा प्रवास दिसत नाही. खांब मात्र तिथूनच आलेला असतो. पुराणातला वास्तुपुरुष रूपक असेल. भिल्ल रूपक नव्हते.

दोष एकट्या साहेबावर ढकलून मोकळं होण्याची सोय इथे नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळात कोपरगावला भिल्लांना वचन देऊन बोलावलं आणि विहिरींत लोटलं, ही नोंद इंग्रजांच्या आधीची आहे. आउट्रम आला तेव्हा भिल्लांच्या आधीच्या राज्यकर्त्यांच्या शपथा पाहून झाल्या होत्या.

मग प्रश्न पुन्हा तिथेच येतो. हे पाप घराला लागतं का?

लोकांच्या मनाचं उत्तर ठाम ‘हो’ असं आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. १८२८ मध्ये वाडा आगीत भस्म झाला, आणि त्या आगीचा संबंध लोकांनी खुनाशी जोडून टाकला. आजही पुण्यात येणाऱ्या पाहुण्याला वाड्याचं स्थापत्य कुणी सांगत नाही, नारायणरावांची किंकाळी सांगतात. पण त्याच खुनाचा न्याय करताना रामशास्त्री प्रभुण्यांनी वाड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. परंपरेनं जपलेली हकिकत अशी की त्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि स्वतः नोकरी सोडून गेले. दोष कर्त्याचा, भिंतींचा नाही. कर्मसिद्धान्त इतकाच सरळ आहे: ज्याचं त्यानं भोगावं.

रामशास्त्र्यांची बाजू किती मोलाची आहे हे १९४८ नं दाखवून दिलं. गांधीजींच्या खुनानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांचे वाडे पेटवले गेले. मारेकरी कोण हे ठाऊक असताना शिक्षा घरांना झाली, आणि घरांमधून त्या माणसांना ज्यांचा खुनाशी काही संबंध नव्हता. वास्तूला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की कुणाचंही घर कधीही जाळता येतं. त्यामुळे ‘पापाचा वाडा’ हे शब्द कादंबरीत शोभतात, गावात वापरू नयेत.

तरीही कर्मसिद्धान्तावर गाडी थांबवणं वारसदाराच्या फार सोयीचं आहे. पणजोबांनी केलं, पणजोबांनी भोगलं, वाडा तेवढा माझा. इथे आपल्या जुन्या शास्त्रकारांनी दाखवलेली बारकाई थक्क करणारी आहे. पाप वारसानं येत नाही असं मानणारेच लोक ऋण मात्र वारसानं येतं असं सांगतात. बृहस्पतीच्या नावावरच्या नियमांत वडिलांचं कर्ज मुलानं स्वतःचं समजून व्याजासकट फेडायचं, आजोबांचं नातवानं फक्त मुद्दल द्यायचं, आणि पणतूपाशी ही जबाबदारी संपते. नंतरच्या हिंदू कायद्यात वाडवडिलांची मालमत्ता हाती आली असेल तर पणतूही तेवढ्यापुरता बांधलेला राहिला. याज्ञवल्क्यस्मृती त्याला अपवाद जोडते. बापानं दारू, जुगार, बाई यांपायी केलेलं कर्ज मुलानं फेडू नये, आणि बापाला झालेल्या दंडाची उरलेली रक्कमही मुलानं भरू नये.

या शेवटच्या अपवादात सगळं उत्तर आहे. दंड उतरत नाही, ऋण उतरतं. शिक्षा ज्याची त्याची. देणं मात्र ज्याच्या हातात मालमत्ता आली त्याचं. १९४८ मध्ये लोकांनी घरांकडून दंड वसूल केला, तो अधर्म होता. पण घरावर ऋणच नाही असं म्हणणं हाही अधर्मच. हिंदू कायद्यात मुलावरची ही धार्मिक जबाबदारी २००५ च्या दुरुस्तीपर्यंत न्यायालयं मानत आली. त्यानंतर नुसत्या पुत्रधर्माच्या नावावर सावकाराला मुलाकडून वसुली करता येत नाही. बँकांच्या दृष्टीनं प्रश्न मिटला. ज्यांच्याकडे कर्जरोखाच नव्हता त्यांचं काय?

आणि वास्तुपुरुषाची कथा तरी काय सांगते? देवांनी त्याची क्षमा मागितली नाही, त्यानंही कुणाला माफ केलं नाही. झाला तो करार. तू खाली राहशील, आम्ही तुझा वाटा देत राहू. वास्तुशांत हा पापक्षालनाचा विधी समजला जातो, पण तिचा गाभा देणेकऱ्यानं हप्ता भरण्याचा आहे. यातली खोच अशी की हप्ता भरत राहिला तरी खालचा जीव कधीच उठत नाही. त्याला अन्न मिळतं, सुटका मिळत नाही. आउट्रमच्या पलटणीतल्या भिल्लांनाही पगार मिळाला, मान मिळाला, साहेबाची माया मिळाली. रान मिळालं नाही.

खुद्द आउट्रमची पुढची हकिकत या चर्चेत आणायलाच हवी. १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरनं सिंध जिंकला. आउट्रमला ते युद्धच अन्यायाचं वाटलं आणि त्यानं तसं जाहीरपणे मांडून नेपियरशी आयुष्यभराचं वैर घेतलं. लुटीतला त्याच्या वाट्याचा सुमारे ३,००० पौंडांचा हिस्सा आला, तेव्हा त्यानं तो स्वतःकडे ठेवला नाही, धर्मादाय कामांना वाटून टाकला. त्या काळच्या लष्करी अधिकाऱ्यांत हे दुर्मीळ होतं. म्हणजे अन्यायाच्या पैशावर घर बांधू नये हे त्याला पक्कं कळत होतं. मात्र सिंधच्या अमिरांबद्दल जे कळलं ते डांगच्या राजांबद्दल कळलं नाही. बहुधा कळायला नको होतं. तिथे जिंकणारा तो स्वतः होता. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं आहे.

ऋणाचा हा हिशेब घरापर्यंत कसा येतो हे पाहायला गोव्यातलं चांदोर ही उत्तम जागा आहे. मिनेझिस ब्रागांझा घराण्याचा तिथला महाल म्हणजे एकाच लांबलचक दर्शनी भागामागे दोन शाखांची दोन घरं. नृत्याचा दिवाणखाना, बेल्जियमची झुंबरं, चीनहून आलेली भांडी, मोठा ग्रंथसंग्रह. पूर्वेकडच्या घरात खाजगी प्रार्थनाघर आहे आणि तिथे संत फ्रान्सिस झेवियरचं नख अवशेष म्हणून जपलं आहे. आपल्या देवघराचं काम ते प्रार्थनाघर करतं. आणि याच चांदोरला, जुन्या चंद्रपुरात, गोव्याच्या कदंबांची राजधानी होती. तिथल्या उत्खननात शिवमंदिराचे अवशेष आणि भंगलेला नंदी मिळाला आहे. १५६७ मध्ये पोर्तुगीजांनी साष्टीतली, म्हणजे चांदोरच्याच परिसरातली, देवळं पाडली. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला. माणसांआधी देवच निर्वासित झाले.

त्या महालात १८७८ मध्ये जन्मलेले लुईस द मिनेझिस ब्रागांझा हे पोर्तुगीज सत्तेचे लाभार्थी ठरायला हवे होते. ते त्या सत्तेचे सर्वांत धारदार टीकाकार झाले. सालाझारच्या वसाहत कायद्याला त्यांनी १९३० मध्ये विधान परिषदेत उघड विरोध केला आणि गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. वास्तू माणसाला घडवते हे खरं मानलं, तर अशा घरातून असा माणूस निघाला याची संगती लावता येत नाही. घराला स्वतःची नीती नसते. ती राहणाऱ्यानं आणायची.

पण लुईसबाबांच्या शब्दांनी भाटकार म्हणजे जमीनमालक आणि त्याच्या आवारात झोपडी करून राहणारा मुंडकार यांच्यातला हिशेब मिटला नव्हता. तो मिटवायला मुक्तीनंतर १९६४ चा कुळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यावा लागला. भाताची शेतं कुळांकडे गेली, आवारातल्या झोपडीवर मुंडकाराचा हक्क लागला आणि मोठ्या घरांचं उत्पन्न आटलं. छप्पर शाकारायलाही पैसा उरेना. त्या घरांमधल्या वृद्धांची कळकळ खोटी नाही. तरी स्पष्ट बोलायचं तर महाल गळू लागला याचा अर्थ एवढाच होता की ज्यांच्या श्रमावर तो कोरडा राहत होता, ते आता स्वतःचं छप्पर शाकारत होते. महाराष्ट्रात हेच काम १९४८ च्या कुळ कायद्यानं आणि कुळांना मालक ठरवणाऱ्या १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानं केलं. भिल्लांच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्यासाठीचा कायदा १९७४ चा, आणि तोही तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातले शहाद्याचे आदिवासी रस्त्यावर आल्यावर. डांगात तर अजूनही होळीच्या सुमारास आहव्याला दरबार भरतो आणि सरकार भिल्ल राजांच्या वारसांना सालाचं मानधन देतं. १८४२ च्या जंगलपट्ट्याचा हप्ता इंग्रज गेल्यावरही चालू आहे. रक्कम किरकोळ, पण ऋण वारसानं येतं हे त्या दरबारात दरसाल चारचौघांत मान्य केलं जातं.

यावर एक वरच्या पट्टीतलं उत्तर आहे, तेही खानदेशातच. धरणगावहून जवळच अंमळनेरला गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. तिथे शांकर वेदान्ताचा अभ्यास चाले. साने गुरुजीही काही काळ तिथे होते. अद्वैताच्या भूमिकेवरून पाहिलं तर वाडा काय, मालक काय, पुरलेला पुरुष काय, सगळंच नामरूप. ऋणको आणि धनको एकच. पारमार्थिक पातळीवर हे कुणी खोडून काढावं! पण खुद्द शंकराचार्यांनी व्यवहाराची पातळी वेगळी ठेवली, आणि कर्ज त्या पातळीवरचं असतं. अद्वैत सांगायचा खरा अधिकार धनकोला आहे. ऋणकोनं ते सांगितलं की थोडा संशय येतो.

धनकोनं ते कसं सांगावं याचा दाखला देहूत आहे. तुकोबांच्या घरची सावकारी होती. महिपतींनी लिहिलेल्या चरित्राप्रमाणे त्यांनी भावाच्या वाट्याची खतपत्रं भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. येणं होतं त्यांनीच ते सोडलं. वाड्यांच्या आजच्या वारसांना ही वाट मोकळी नाही, कारण त्यांच्या माळ्यावरच्या कागदांत आता त्यांचं येणं नाही, देणं आहे. गहाणखतं, कुळांच्या याद्या, कापसाच्या आगाऊ उचलीच्या नोंदी, लाकडाच्या पावत्या: कुणाची जमीन कधी आणि कितीला गेली, हे फक्त तिथेच लिहिलेलं असतं.

धरणगाव, एरंडोल, चोपडा, पारोळ्याकडचे जुने वाडे सध्या एकेक करून पाडले जात आहेत. त्या जागी सदनिका होतील, त्यांचीही वास्तुशांत होईल. पाडण्याआधी घरच्यांनी माळा आणि तळघर मात्र नीट उपसून पाहावं. जे रोजमेळ, खतावण्या आणि मोडी कागद निघतील ते रद्दीत घालू नयेत. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पश्चात १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं ते अशाच कागदांसाठी. ते तिथे नेऊन द्यावेत, त्यात घराण्याची अब्रू जाईल असं काही असलं तरीही.